क्ष-वर्ग यांजकडून सप्रेम भेट

बीजगणितात नापास होणारे पुष्कळ असतात, पण माझ्याइतकं नेमाने नापास होणारं माणूस सदाशिव पेठेत दुसरं नव्हतं. माझी मॅट्रिकची उत्तरपत्रिका तपासली आणि परीक्षक नोकरी सोडून हिमालयात गेला, असं आमच्या इमारतीत बोलत. ही अतिशयोक्ती आहे. तो फार तर लोणावळ्यापर्यंत गेला असेल.

बाकीच्या विषयांत माझं बरं चाललं होतं. संस्कृत श्लोक म्हणायला लागले की समोरच्या कडुनिंबावरचे कावळे ऐकत बसत. बेरीज, गुणाकार, भागाकार कशाला मी घाबरत नसे. घोडं अडायचं ते एकाच ठिकाणी, घातांक असलेल्या पदांच्या वजाबाकीत. आणि ते अडायचं म्हणजे काय, मधोमध बसकण मारून चारा मागायचं.

माझी पद्धत साधी होती. समोर दिसेल ते वजा करायचं. सात क्षचा पाचवा घात, त्यातून तीन क्ष-वर्ग वजा करा, असं गणित आलं की मी सातातून तीन काढत असे, राहिले चार. पाचातून दोन काढत असे, राहिले तीन. उत्तर, चार क्ष-घन. किती नीटनेटकं. सात क्ष-वर्गातून तीन क्ष-वर्ग वजा करायचे असले तर आणखी सोपं. क्ष-वर्गातून क्ष-वर्ग गेला, तो विषय संपला. राहिले नुसते चार. माझा हिशेब इतका सरळ होता की चूक पुस्तकाचीच आहे, याबद्दल मला शंका नव्हती. बोर्डाला होती.

त्या वर्षी मात्र पास होणं भाग होतं. कात्रजला नवी डेअरी झाली होती आणि तिथल्या प्रयोगशाळेत मदतनिसाची एक जागा होती. वडिलांच्या ओळखीने तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं, मुलगी ऑक्टोबरात मॅट्रिक झाली तर जागा तिची, नाहीतर दुसऱ्या कुणाची. आणि माझी जागा आत्याच्या शिवणवर्गात. आत्याने माझ्यासाठी स्टूलही काढून ठेवलं होतं. तिच्या वर्गात नव्या मुलीला फक्त काजं करायला देत. बटण तिथे, काजं तिथे, आणि मधे आत्याची नजर. त्या नजरेनं न कातरता कापडाला भोक पडतं, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. आत्याच्या वर्गातून मुलगी दोनच कारणांनी बाहेर पडे, लग्न ठरून किंवा डोळे जाऊन. मला पांढरा कोट घालायचा होता. सकाळच्या गाडीने कात्रजला जायचं होतं. आणि महिन्याच्या महिन्याला आत्याला पेढे द्यायचे होते, कारण त्याहून मोठा सूड मला सुचत नव्हता.

आमच्या समोरच्याच खोल्यांत मामा राहायचे. आईचे थोरले भाऊ, गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या तोंडून शाबासकी ऐकलेला विद्यार्थी शोधायला पुरातत्त्व खात्याला बोलवावं लागलं असतं. आईने त्यांना सांगितलं, "दादा, हिचं तेवढं बघ."

मामांनी माझी वही बघितली. बराच वेळ बघितली. मग चष्मा पुसून म्हणाले, "सुंदर अक्षर आहे."

"आणि गणित?"

"गणित कुठे आहे?"

दुसऱ्या दिवशी ते थेट आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. पुस्तकात एक्स छापलेला असला तरी मामा जुन्या वळणाचे, त्यांच्या बीजगणितात क्षच. त्यांनी फळीवरून एक फुलपात्र काढून माझ्यापुढे ठेवलं. "हा क्ष." शेजारी वाटी. "हा क्ष-वर्ग." त्याच्या शेजारी ताट. "क्ष-घन." मग न्हाणीघराकडे बोट केलं. तिथे आमचं तांब्याचं घंगाळ होतं. "तो पाचवा घात. चौथा मुद्दामच गाळलाय, तुमच्या घरात तेवढी भांडी नाहीत."

आई म्हणाली, "आहेत. माळ्यावर आहेत."

"तू मधे बोलू नकोस," मामा म्हणाले. "तर बाईसाहेब, तुमच्या वहीत सात घंगाळांतून तीन वाट्या काढून चार ताटं उरलेली आहेत. हा चमत्कार फक्त याच घरात होतो. बोर्डाच्या घरात होत नाही. घंगाळातून वाटी वजा करता येईल का?"

"नाही."

"मग काय करायचं?"

"विसळून ठेवायची?"

मामांनी डोळे मिटले. "दोन्ही पदं आहेत तशी शेजारी शेजारी लिहायची. मधे उणे. संपलं. वजाबाकी फक्त सजातीय पदांची. वाट्यांतून वाट्या, ताटांतून ताटं."

समजलं. पण अडचण अशी की भांडी काही शिकायला बसलेली नव्हती, ती स्वयंपाकाची होती. दुपारी क्ष-वर्ग म्हणून पाठ केलेली वाटी रात्री आमटी भरून समोर आली की मी ती भुरकून मोकळी. क्ष-घनात भात. दुसऱ्या दिवशी मामांनी विचारलं की माझ्या मनात वर्ग, घन, आमटी, भात सगळा काला. तेव्हा मामांनी ठरवलं की भांड्यांवर नावं घालायची.

आमच्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडं घरचं होत नाही. कसबा पेठेतले एक चाचा हातोडी आणि छिन्नी घेऊन गल्लोगल्ली फिरत आणि जिन्यातच बसून टिंबाटिंबांनी नाव कोरून देत. निम्म्या पुण्याच्या लग्नांच्या भेटी त्यांच्या हातून गेलेल्या. त्यांना आईने बोलावलं. मामांनी सगळी भांडी मांडली आणि खडूने वर लिहून दिलं.

चाचांनी पहिली वाटी उचलली, फिरवली. "हे क्ष म्हणजे कोण?"

"कोणी नाही," मामा म्हणाले. "अज्ञात आहे."

"मग नाव कशाला घालताय? जो देतो त्याचं नाव असतं."

"मी लिहिलंय तेवढं कोरा. आणि तो दोनाचा आकडा वर, लहान."

"लहान आकडा टिंबात धरत नाही, मास्तर. वर करतो."

आणि त्यांनी केला. इतका वर केला की दोनाचा आकडा वाटीच्या काठावर चढून आत डोकावायला लागला. त्या वाट्यांतून ज्याने ज्याने ताक प्यायलं त्याच्या खालच्या ओठावर आठवडाभर वर्ग उमटलेला असे. ताटांवरचा तीन तर काठावरून पलीकडे उतरून बुडाला गेला. मामा चहा घ्यायला आत गेले, तेवढ्यात चाचांचा हात सवयीने पुढे गेला. तीस वर्षं एकच वळण पडलेला हात, त्याला अर्ध्यात थांबणं ठाऊक नव्हतं. मामा बाहेर आले तेव्हा प्रत्येक वाटीवर स्वच्छ अक्षरांत होतं, "क्ष-वर्ग यांजकडून सप्रेम भेट." ताटांवर "क्ष-घन यांजकडून". आणि घंगाळावर जागा भरपूर असल्याने "श्रीयुत क्ष पाचवा घात यांजकडून, शुभाशीर्वादासह".

मामांनी घंगाळ उन्हात नेऊन पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "अक्षर सुंदर आहे."

अभ्यास खरोखर सुरू झाला. पण मामांनी एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती, ती म्हणजे आई. आईच्या हातची अळूची भाजी जरा अधिक झाली की वाटी भरून शेजारी जायचीच. आणि गेलेली वाटी रिकामी परत करणं आमच्या इमारतीत पाप समजत. मी मांडून बसलेल्या पाच क्ष-वर्गांतले तीन आई उचलून न्यायची, मी वहीत दोन लिहीपर्यंत खालच्या काकूंकडून शिरा घातलेली वाटी जिन्यात हजर. मामा चिडून म्हणाले, "या घरात वजाबाकी टिकतच नाही. काढलं की तूप सोडून परत येतं. महिनाभर भांडी बाहेर जाऊ देऊ नकोस."

"आणि लोक काय म्हणतील? शिरा कशात परत करू, ओंजळीत?"

भांडी जातच राहिली. आणि नावं वाचली जायला लागली. खालच्या काकू, ज्यांचा स्वभाव असा की दुसऱ्याच्या घरचं कुकरचं झाकण पडलं तरी चौकशीला येत, त्या एक दिवस वाटी हातात धरूनच वर आल्या.

"हे क्ष-वर्ग कोण हो? तुमच्याकडचे की यांच्याकडचे?"

"गणितातले आहेत," आई म्हणाली.

"गणिताचे प्राध्यापक का? अगंबाई. आणि क्ष-घन?"

"तेही गणितातलेच. त्यांच्यापेक्षा मोठे."

"थोरले भाऊ तर. बरं झालं. भेटी आधीच आल्या म्हणजे माणसं पोच असलेली आहेत."

संध्याकाळपर्यंत माझं लग्न ठरलं. मुलगा गणिताचा प्राध्यापक, घरात थोरला भाऊ, आणि न्हाणीघरातलं घंगाळ बघून आलेल्या एका बाईंनी सांगितलं की एक वयोवृद्ध चुलतेही आहेत, आशीर्वाद देणारे. बातमी आत्यापर्यंत पोचली. ती रविवारी आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "वहिनी, मुलगी देताय तर द्या, पण मला स्टुलाचं सांगा. माझ्याकडे दुसरी मुलगी विचारून गेलीय."

"लग्न नाहीये," मी म्हणाले. "ते अज्ञात आहेत."

"हल्ली असंच असतं," आत्या म्हणाली. "ऑक्टोबरपर्यंत थांबते. मग मात्र यायचं."

म्हणजे लग्नाच्या अफवेनेसुद्धा माझी सुटका होत नव्हती. आणि अभ्यास कुठे होता, तर अजून मी सात वाट्यांतून तीन वाट्या काढून नुसते चार लिहीत होते. वेगवेगळ्या घातांची वजाबाकी करायची नाही एवढं डोक्यात शिरलं होतं. सारख्या घाताची केली की घात मात्र माझ्या हातून दर वेळी सांडत होता.

तो सांडायचा थांबला खालच्या काकूंमुळे. त्यांच्याकडे पाहुणे आले म्हणून त्या आमच्या पाच वाट्या घेऊन गेल्या होत्या. चार दिवसांनी परत आल्या त्या तीन वाट्या आणि दोन फुलपात्रं घेऊन.

"पाच नेली, पाच आणली," काकू म्हणाल्या.

आई भांडी बघत राहिली. "पाच काय?"

"पाच भांडी. मोजून घ्या."

"भांडी म्हणून काही नसतं. मी पाच क्ष-वर्ग दिले होते. हे तीन क्ष-वर्ग आणि दोन क्ष आहेत. यांची बेरीज होत नाही."

"का होत नाही? पितळेचीच आहेत ना सगळी?"

"पितळेचं राहू द्या. घात वेगळाय. दोन माझ्याकडे यायचेत."

"दोन काय?" काकूंनी आईचाच प्रश्न तिला परत केला, आणि तोही रिकामा नाही, हात कमरेवर ठेवून.

"दोन वाट्या. पाच वाट्यांतून तीन वाट्या आल्या तर तुमच्याकडे राहिलेल्या दोन वाट्याच असतात. त्या तुमच्या फळीवर बसून नुसत्या दोन होत नाहीत. त्यांच्यावर नाव आहे."

मी आत पाटावर बसले होते. माझ्या वहीत नेमकं तेच होतं, पाच क्ष-वर्ग वजा तीन क्ष-वर्ग, आणि माझ्या हातून नुसता दोन लिहून झालेला होता. त्या दोनाकडे मी बघितलं. तो काकूंच्या फळीवर बसल्यासारखा दिसत होता. मी त्याच्यापुढे क्ष लिहिला, वर काठावर चढवून वर्ग लिहिला आणि मामांना हाक मारली.

मामांनी बघितलं. "बरोबर आहे," म्हणाले. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हा शब्द किती वेळा वापरला असेल मला माहीत नाही, पण तो बोलताना त्यांना जरा ठसका लागला.

आता राहिली चिन्हं. कंस असलेली वजाबाकी आली की मी कंसातल्या पहिल्याच पदाचं चिन्ह बदलत असे आणि बाकीच्यांना तसंच सोडत असे. मामांनी चार वेळा नियम सांगितला. आई पोळ्या लाटत होती, ती मान न वळवता म्हणाली, "पंगतीत पहिल्याला वाढून पुढच्यांसमोरून तशीच जाशील का? वाढायला निघालीस की ओळीतल्या सगळ्यांना."

"आणि उणे चिन्हाची पदं म्हणजे काय समजायची?"

"दुसऱ्याची भांडी आपल्याकडे पडलेली असतात ती," आई म्हणाली. "कुणी म्हणालं, राहू द्या हो, परत करू नका, की तेवढी आपली वाढली."

मामांनी आईकडे अशा नजरेनं बघितलं, की हिला शिकवायचं सोडून मी चाळीस वर्षं कुणाकुणाला शिकवत बसलो.

ऑक्टोबर आला. परीक्षेच्या दालनात माझ्यापुढे प्रश्नपत्रिका आली आणि तिच्यात तोच प्रश्न, सगळ्यांत जास्त गुणांचा. सात क्ष-घन उणे चार क्ष-वर्ग अधिक दोन क्ष, यातून तीन क्ष-घन उणे सहा क्ष-वर्ग अधिक पाच क्ष वजा करा. आधीचे प्रश्न मी जेमतेम ओढत आणले होते. हा सुटला तर कात्रज, नाहीतर स्टूल.

मी डोळे मिटले आणि आमची फळी समोर आणली. सात ताटं, त्यांतली तीन गेली. राहिली चार ताटं. मग वाट्या. काकूंच्या चार वाट्या आपल्याकडे पडून होत्या, आणि त्यांनी उदार होऊन सहा वाट्यांचं देणं सोडलं. चार फिटल्या, वर दोन आपल्या झाल्या. काकू असं कधी करणार नाहीत, पण परीक्षेपुरतं धरलं. मग फुलपात्रं. दोन आपल्याकडे, मागणारे पाच मागताहेत. दिली दोन, राहिलं तिनांचं देणं. माझा हात हवेत वाढत होता, ओळीतल्या एकालाही न चुकवता. पर्यवेक्षिका येऊन म्हणाल्या, "बाई, हे गृहशास्त्राचं प्रात्यक्षिक नाही."

मी भराभरा उत्तर लिहिलं. घंटा व्हायला आली. लिहिलेल्यावर नजर टाकली तर उत्तराच्या जागी शाईने ठसठशीत लिहिलेलं होतं, "४ ताटं + २ वाट्या − ३ फुलपात्रं".

खोटं वाटेल, पण त्या क्षणी मला आत्याच्या वर्गातल्या कात्रीचा आवाज आला. खोडायला जागा नव्हती, पुरवणी मागायला वेळ नव्हता. पर्यवेक्षिका माझ्या बाकाकडे निघालेल्या. मी उत्तराच्या डोक्यावर, समासातून आडवं लिहून टाकलं, "समजा, ताट = क्ष³, वाटी = क्ष², फुलपात्र = क्ष." आणि त्यांनी कागद ओढून नेला.

घरी येऊन मी रडत सगळं सांगितलं. मामा म्हणाले, "समजा लिहिलंस?"

"हो."

"शब्द तोच होता? समजा?"

"हो, मामा."

"मग बोर्डाला समजून घ्यावं लागेल. बीजगणितात समजा म्हटलं की काहीही समजावं लागतं. माझ्या एका वर्गात एकाने समजा मास्तर शून्य आहेत असं लिहिलं होतं. मला गुण द्यावे लागले."

निकाल लागेपर्यंत आत्या दर रविवारी येऊन माझ्या बोटांची लांबी बघून जात होती. परीक्षकाने काय समजून घेतलं आणि त्या रात्री त्याच्या घरी काय जेवण होतं, ते देव जाणे. गणितात मला पस्तीस गुण पडले. पासाला पस्तीसच लागत होते. एकही वाया गेला नाही. आत्याने निकालाचा कागद उजेडात धरून बघितला, खोटं काज बघावं तसा, आणि दुसऱ्या मुलीला निरोप पाठवला.

दुसऱ्या आठवड्यात मी कात्रजला गेले. साहेब दूध उतरवण्याच्या धक्क्यावर उभे होते. आसपासच्या गावांतून दुधाचे कॅन येऊन लागले होते. त्यांनी माझा कागद उघडलाही नाही.

"नाक चांगलं आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग झाकण काढून वास घ्या आणि सांगा."

एक, दुसरा, तिसरा कॅन चांगला होता. चौथ्याचं झाकण काढलं आणि मी मान मागे घेतली. "हे आंबलंय."

कॅनचा मालक, चांगला सहा फूट उंच गडी, मिशीवरून हात फिरवत पुढे आला. "सायेब, दूध ताजं हाय. पहाटं काढलंय. आन् बाई नुसता वास घेऊन सांगनार व्हय?"

साहेबांनी पहिल्यांदाच माझा कागद उघडला. वरून खालपर्यंत वाचला, पुन्हा घडी घातली आणि त्याला म्हणाले, "त्या मॅट्रिक आहेत."

गडी दोन पावलं मागे सरला. त्याने टोपी काढून नीट बसवली, मला वाकून नमस्कार केला आणि कॅन खांद्यावर टाकून निघाला. गणितात किती पडले ते त्याने विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची आमच्या पेठेत पद्धत नाही.